पडद्यावरची सजगता आणि आपले आई-वडील

आई किंवा वडील भारतातून तीन महिन्यांसाठी येतात. पहिले पंधरा दिवस हौसेत जातात. मग मुले कामावर, नातवंडे शाळेत, बाहेर नोव्हेंबरचा साडेचारलाच पडणारा अंधार. जोडीदार गेल्यावर एकटे आलेल्यांना तर दिवस खायला उठतो. अशा वेळी कोणी ऑनलाइन 'माइंडफुलनेस'चा सल्ला देते. त्यातून ज्येष्ठांच्या पदरी काय पडते?

१९७९ साली जॉन कबट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या रुग्णालयात जुनाट वेदनांच्या रुग्णांसाठी काही आठवड्यांचा अभ्यासक्रम सुरू केला. श्वासाकडे, शरीराच्या एकेका भागाकडे लक्ष द्यायचे. आलेला विचार झटकायचा नाही की कवटाळायचा नाही. याचे मूळ बौद्ध 'सती'मध्ये, म्हणजे स्मृतीत आहे. जर्मन लोक याला 'आख्टझामकाइट' म्हणतात. हानाऊ येथे १९०१ साली जन्मलेले झिगमुंड फेनिगर श्रीलंकेत भिक्खू न्यानपोनिक झाले आणि त्यांनीच ही साधना पाश्चात्त्य वाचकांना समजावून दिली. इगतपुरीची दहा दिवसांची विपश्यना आपल्याला ठाऊक असतेच. ती साधना आहे. हा रुग्णालयात घडलेला अभ्यासक्रम. पुन्हापुन्हा येणाऱ्या नैराश्यासाठी सीगल, विल्यम्स व टीसडेल यांनी त्याला उपचाराचे रूप दिले. त्यांचे पुस्तक २००२ साली आले.

ऑनलाइन वर्गाचा मोठा लाभ भाषेचा. दुःख मायबोलीतच नीट सांगता येते, आणि पुण्याचा मराठी वर्ग इथे हिवाळ्यात साडेचार तासांच्या फरकाने गाठता येतो. बर्फात बाहेर पडावे लागत नाही. अडचणीही खऱ्या आहेत: आवाज तुटतो, चुकीचे बटण दाबले जाण्याची धास्ती वाटते, गुडघे दुखतात. त्यावर खुर्ची आणि हेडफोन पुरतात. मोठी अडचण संकोचाची. सूनबाई स्वयंपाकघरात असताना सासूबाई मन कसे मोकळे करणार? म्हणून यंत्र जोडून द्यावे आणि दार लोटून घ्यावे.

खर्चाचे काय? सार्वजनिक आरोग्यविमा असलेल्यांना मान्यताप्राप्त प्रतिबंधक वर्गांच्या शुल्काचा काही भाग क्रांकेनकासेकडून परत मिळू शकतो. २०१९ च्या कायद्यानंतर, २०२० पासून, डॉक्टर काही आरोग्य-ॲपही लिहून देऊ शकतात; पण बॉनच्या औषधनियंत्रण संस्थेच्या यादीतलीच. पाहुण्या आई-वडिलांना, इथला विमा नसल्यामुळे, ही सोय नाही.

एक गोष्ट विसरू नये. डोळे मिटल्यावर शांतताच येते असे नाही. दाबलेले दुःखही वर येते. तीव्र नैराश्य, भ्रम किंवा जीव नकोसा झाल्याची भाषा दिसली तर वर्ग पुरेसा नाही. तेव्हा डॉक्टरच हवेत, आणि जिवाला धोका वाटल्यास लगेच ११२. आईची झोप उडाली, जेवण तुटले, बोलणे कमी झाले, हे 'वयोमानाने होतेच' म्हणून सोडू नये.

वर्ग संपला की चहा घेऊन समोर बसावे. "आज कसे वाटले?" असे विचारावे आणि उत्तर पुरे होईपर्यंत फोनला हात लावू नये.