पॉलिसीतले चार खलाशी

शंभर रुपयांच्या स्टॅम्पचे दिवस सरले. ऑक्टोबर २०२४ पासून करारनाम्याला किमान पाचशेचा लागतो. त्यावर टाइप होणारा मजकूर मात्र मी वकिलीला लागल्यापासून तोच आहे. ‘मी खाली सही करणार लिहून देतो की, मला झालेली इजा माझ्याच निष्काळजीपणामुळे झालेली असून, शेटनी माणुसकीच्या नात्याने दिलेले रोख रुपये चाळीस हजार मला पावले. यापुढे माझी अगर माझ्या वारसांची कोणतीही तक्रार राहणार नाही.’ खाली दोन साक्षीदार, एक मुकादम आणि दुसरा शेटचा ड्रायव्हर. शेवटी डाव्या अंगठ्याचा निळा ठसा. डावा घ्यायची पद्धतच आहे. पण या माणसाला उजवा उमटव म्हटलं असतं तरी जमलं नसतं. तो लांज्याकडच्या एका चिरेखाणीत, चिरा कापायच्या यंत्राच्या पात्यात गेला होता.

माणूस विजापूरकडचा, वय पंचवीस, पगार बारा हजार. मराठी कळत होतं, वाचता येत नव्हतं. सोबतच्या मेहुण्याने कागद माझ्या टेबलावर पसरला आणि विचारलं, “वकीलसाहेब, लिहून दिलंय. आता काय होतं का?”

हिशेब टेबलावरच मांडता येतो. १९२३च्या भरपाई कायद्यात कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी पगाराच्या ६० टक्के रक्कम धरतात, म्हणजे ७,२००. तिला वयाच्या घटकाने गुणायचं. हे घटक चौथ्या परिशिष्टात छापलेले आहेत, पंचविशीचा २१६.९१. गुणाकार येतो १५,६१,७५२. पहिल्या परिशिष्टात आख्ख्या अंगठ्याची किंमत ३० टक्के लावलेली आहे. तर्जनीची १४, मधल्या बोटाची १२, हाड न जाता तर्जनीचं नुसतं टोक गेलं तर ५. शरीराचा असा भावफलक वाचताना पहिल्या वर्षी अंगावर काटा यायचा, आता पान उलटायच्या आत आकडे आठवतात. अंगठ्याचे झाले ४,६८,५२५ रुपये. शेटनी दिले होते चाळीस हजार.

आणि तो स्टॅम्प? कायद्याचं कलम १७ जेमतेम एका वाक्याचं आहे. भरपाईचा हक्क सोडून देणारा किंवा कमी करणारा करार, कायदा व्हायच्या आधीचा असो की नंतरचा, तेवढ्यापुरता रद्दबातल. मालक आणि कामगार यांच्यात तडजोड होऊच नये असं कायदा म्हणत नाही. पण कलम २८प्रमाणे तिचा मसुदा आयुक्तांकडे नोंदवायला पाठवावा लागतो, आणि रक्कम अपुरी वाटली, फसवणूक किंवा दडपण दिसलं, तर आयुक्त नोंद नाकारू शकतात. मसुदा पाठवलाच नाही, तर पुढच्या कलमाची चपराक बसते: मालकाने संपूर्ण भरपाई द्यायची, आणि आधी हातावर ठेवलेल्या रकमेपैकी निम्म्याहून जास्त वजावट, आयुक्तांनी वेगळा हुकूम केल्याशिवाय, मागायची नाही. शेटचे वीस हजार तिथेच बुडाले. मृत्यूच्या दाव्यात तर नियम आणखी कडक आहे. भरपाई आयुक्तांकडेच जमा करायची. विधवेच्या हातात परस्पर दिलेले पैसे भरपाई म्हणून धरलेच जात नाहीत. आगाऊ म्हणून तीन महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम दिली असेल तर तेवढी वजा होते.

कायद्यात ज्याला कवडीची किंमत नाही, तो कागद व्यवहारात मात्र आपलं काम चोख करतो. माणूस समजतो, आपण लिहून दिलं, विषय संपला. तो गावी जातो. दावा लावायची मुदत दोन वर्षांची. सबळ कारण दाखवून उशीर माफ करून घेता येतो. पण तोवर खाणीतले सोबती पांगलेले असतात, मुकादम बदललेला असतो, यंत्रसुद्धा विकलेलं असतं. माझ्याकडे येणाऱ्यांत न घाबरता वेळेवर आलेले थोडे. या मेहुण्याचं कौतुक एवढ्यासाठीच की त्याने कागद वाचून घ्यायला माणूस शोधला.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, कोर्टात अपघात कसा झाला यावर भांडण होत असेल. ते क्वचित होतं. माणूस पडला, बुडाला, भाजला, हे पंचनाम्यात आणि सिव्हिल हॉस्पिटलच्या कागदांत असतं. भांडण होतं ते तो कोणाचा गडी होता यावर. मालकाचं उत्तर काय येणार, हे त्याच्या कपाटात पॉलिसी आहे की नाही यावरून मला आधीच सांगता येतं. पॉलिसी नसली की, “तो माझा गडी नव्हेच, सहज आला होता.” पॉलिसी असली की तोच माणूस छातीवर हात ठेवून, “होय, माझाच. सहा वर्षं माझ्याकडे.” मग विमा कंपनीचा वकील उठतो आणि दोघांची मिलीभगत आहे म्हणतो. एरवी हजेरी, पगारपत्रक, ओळखपत्र यांच्या वाऱ्याला न उभा राहणारा मालक अपघातानंतर कामगाराचा सर्वांत उत्साही साक्षीदार होतो, ही आमच्या कोर्टातली नेहमीची गंमत. गंमत म्हणायचं, कारण रोज संतापून चालत नाही.

आंब्याच्या बागांत हा घोळ तिप्पट होतो. बाग एकाची, कराराने घेतली व्यापाऱ्याने, उतरवायला माणसं आणली मुकादमाने. घळ घेऊन कलमावर चढलेला पोरगा फांदीसकट खाली आला की तिघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. कायद्याचं कलम १२ यासाठीच आहे. धंद्याचं काम कंत्राटदारामार्फत करून घेणारा मूळ मालक भरपाई देण्यातून सुटत नाही. त्याने आधी द्यावी, मग कंत्राटदाराकडून वसूल करावी. पण व्यापाऱ्याच्या पॉलिसीत कंत्राटदाराच्या माणसांचा जादा हप्ता भरलेला नसतो, आणि कंपनी त्या एका रकान्यावर बोट ठेवून बसते.

रत्नागिरीच्या मिरकरवाड्यातली एक फाइल सांगतो. नेपाळी खलाशी, वय तीस. जयगडच्या पुढे रात्री जाळं ओढताना पाण्यात गेला, दोन दिवसांनी देह सापडला. बायको नेपाळातून आली. तिच्याकडे नागरिकतेचा कागद, लग्नाचा एक फोटो, आणि नवऱ्याच्या मोबाइलमधले पैसे पाठवल्याचे संदेश. दावा अपघात झाला तिथे, वारस राहतात तिथे किंवा मालकाचं नोंदणीकृत कार्यालय असेल तिथे लावता येतो. हिला भारतात राहतं घर नाही, तेव्हा रत्नागिरीच. नाखव्याकडे पॉलिसी होती. त्यात खलाशी लिहिले होते चार. बोटीवर होते नऊ.

“मयत त्या चारांतलाच कशावरून?” कंपनीच्या वकिलांचा पहिला प्रश्न. नावं पॉलिसीत नव्हती, नुसता आकडा. नाखव्याने हजेरी ठेवली नव्हती. पण त्याच्याकडे उचलीची वही होती. लाल कापडी पुठ्ठा, मासळीचा वास, कडा फुगलेल्या. हंगामाच्या सुरुवातीला गावी पाठवायला घेतलेली उचल, मग दर महिन्याची कापणी, मध्येच ‘मोबाइल’, ‘औषध’, ‘रेनकोट’. चार हंगामांत त्या खलाशाचं नाव अखंड होतं. बाकीच्यांची नावं येत-जात होती. दर्यावर्दी धंद्यात पगार, वाटा आणि उचल यांचा असा गुंता असतो की पगारपत्रक मागणं हाच विनोद. पण वही कोर्टात टिकते, कारण ती भांडणासाठी लिहिलेली नसते.

दुसरा प्रश्न पगाराचा. वही सांगत होती महिना अठरा हजार. कायदा जास्तीत जास्त १५,००० धरतो; ही मर्यादा ३ जानेवारी २०२० पासूनची, त्याआधी ८,००० होती. मृत्यूसाठी निम्मा पगार, म्हणजे ७,५००, गुणिले २०७.९८. रक्कम १५,५९,८५०. कंपनीने प्रस्तावाचा फॉर्म पुढे केला: नाखव्याने पगार लिहिला होता आठ हजार, कारण हप्ता पगारावर बसतो. “आम्ही आठ हजारांचा विमा उतरवलाय, आठ हजारांवरच देऊ.” म्हणजे ८,३१,९२०. मधले ७,२७,९३० रुपये कोणी द्यायचे, यावर दोन वकील आणि एक नाखवा यांच्यात जी जुंपली, ती ऐकत ती बाई बाकावर बसून होती. हप्त्यात वाचवलेले काहीशे रुपये नाखव्याच्या मानगुटीवर असे बसतात.

तिसरा प्रश्न मला सर्वांत जुना वाटतो. रात्रीची वेळ, लघवीला उठला असेल, तोल गेला असेल; कामामुळे मृत्यू झाला हे कुठे सिद्ध आहे? यासाठी कंपनीचे वकील हमखास सर्वोच्च न्यायालयाचा १९६९चा निकाल काढतात. ‘द्वारका’ जहाजावरचा डेकवरचा खलाशी १६ डिसेंबर १९६१च्या पहाटे इराणच्या आखातात नाहीसा झाला. आदल्या दिवसांत छातीत दुखतं, झोप येत नाही म्हणून त्याने औषध घेतलं होतं. अडीचच्या सुमारास तो जहाजाच्या ब्रिजजवळ दिसला, तीनला झोपायला जातो म्हणाला, सव्वासहाला कुठेच नव्हता. वडिलांनी लावलेला दावा मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केला, सर्वोच्च न्यायालयाने फिरवला: मृत्यू कामातूनच उद्भवला असा निष्कर्ष काढायला पुरावा नाही. मी दरवेळी तो निकाल शेवटपर्यंत वाचायला लावतो. त्यातच म्हटलंय की परिस्थितीवरून तर्क करता येतो, फक्त तो नुसता अंदाज असू नये. आमच्या फाइलमध्ये जाळं ओढताना पाच जणांनी हाक ऐकली होती.

दारूचा मुद्दाही निघतो. तो बहुतेक वेळा पोकळ असतो, कारण मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर नशेचा बचाव मालकाला मिळतच नाही.

कंपनी किती देणार यातही पोटभांडणं आहेत. महिन्याभरात रक्कम जमा झाली नाही तर बारा टक्के व्याज. शिवाय सबळ कारणाशिवाय उशीर केला तर पन्नास टक्क्यांपर्यंत दंड. दंड ही मालकाची स्वतःची चूक, तो कंपनीवर टाकता येत नाही, हे १९९७पासून ठरलेलं आहे. व्याजाचं तसं नाही. पॉलिसीतच व्याज वगळलेलं असेल तर कंपनी सुटू शकते, असं २००६च्या निकालाने सांगितलं. औषधोपचाराचा पूर्ण खर्च मालकाने द्यायचा ही २००९ची दुरुस्ती आहे, तर पॉलिसीत बहुधा त्याला वरची मर्यादा. मालकांना वाटतं, विमा काढला म्हणजे सगळं कंपनीच्या गळ्यात. पॉलिसीच्या मागच्या पानावरचा बारीक मजकूर त्यांनी कोर्टात पहिल्यांदा वाचलेला असतो.

या सगळ्याला किती वेळ लागतो, याचं उत्तर द्यायला मला संकोच वाटतो. धाराशिव जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचा पहारेकरी २२ एप्रिल २००३ रोजी, पहाटे तीनच्या पाळीला निघालेला असताना, कारखान्यापासून पाच किलोमीटर अलीकडे अपघातात गेला. आयुक्तांनी ३,२६,१४० रुपये दिले. वाटेवरचा अपघात म्हणजे कामावरचा नव्हे, असं म्हणून उच्च न्यायालयाने २०११मध्ये ते रद्द केले. सर्वोच्च न्यायालयाने २९ जुलै २०२५ रोजी परत दिले. बावीस वर्षं, आणि वाद काय, तर कामावर निघालेला माणूस कामावर होता का.

आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून श्रमसंहिता लागू झाल्यात, भरपाईचा विषय सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय, आणि कामाशी संबंध जुळत असेल तर जाण्यायेण्याच्या वाटेवरचा अपघातही तिथे स्पष्ट लिहून धरलाय. माझ्या कपाटातल्या फाइली मात्र अपघाताच्या तारखेला बांधलेल्या. अपिलाची वाट तेवढी जवळ आली: ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरीची अपिलं कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात. आंबा घाट चढून दुपारी परत येता येतं. मालकाला अपील करायचं तर पूर्ण रक्कम आयुक्तांकडे भरल्याचा दाखला आधी जोडावा लागतो, म्हणून पुष्कळ अपिलं घाटाच्या अलीकडेच विरतात.

पावसाळी बंदी उठायच्या सुमारास, जुलै संपता संपता, नाखवे पॉलिसी नव्याने काढतात. कोणी फोन करून विचारतं, “वकीलसाहेब, किती खलाशी लिहू?” बोटीवर किती असतात, विचारतो. नऊ. मग नऊ लिहा आणि खरा पगार लिहा. पलीकडे थोडा वेळ आकडेमोड चालते. “सात लिहितो,” उत्तर येतं, “दोन बदलतेच असतात.”