पालघर फेसबुक अटक प्रकरण

'''पालघर फेसबुक अटक प्रकरण''' म्हणजे फेसबुकवरील एका मजकुरावरून नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथे दोन तरुणींना झालेली अटक आणि त्यातून उभा राहिलेला कायदेशीर वाद होय. या वादाची परिणती माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील कलम ६६अ रद्द होण्यात झाली. पालघर त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होते; स्वतंत्र पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला.

== घटनाक्रम ==
शिवसेनाप्रमुख बाळ ठाकरे यांचे १७ नोव्हेंबर २०१२ रोजी निधन झाले. दुसऱ्या दिवशी अंत्ययात्रेच्या वेळी मुंबई व परिसरातील व्यवहार बंद होते. माणसे रोज जन्मतात व मरतात, त्यासाठी बंद कशाला, आणि हा बंद आदरापोटी आहे की भीतीपोटी, अशा आशयाचा मजकूर पालघरच्या एका तरुणीने लिहिला. तिच्या मैत्रिणीने त्याला पसंती दर्शवली. मैत्रिणीचा 'गुन्हा' एवढाच. संतप्त जमावाने पहिल्या तरुणीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड केली. दोघींवर भारतीय दंड संहिता आणि कलम ६६अ यांखाली कारवाई झाली व १९ नोव्हेंबर रोजी न्यायालयाने त्यांना जामीन दिला.

भारतीय वृत्तपत्र परिषदेचे तत्कालीन अध्यक्ष मार्कंडेय काटजू यांनी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांना पत्र लिहून, ही अटकच बेकायदा असल्याचे म्हटले. चौकशीनंतर दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले. पुढे पोलिसांनी खटला मागे घेतला.

== कलम ६६अ ==
२००८ च्या दुरुस्तीने आलेले हे कलम ऑक्टोबर २००९ पासून अमलात होते. अत्यंत आक्षेपार्ह, किंवा त्रास व गैरसोय व्हावी म्हणून पाठवलेला खोटा मजकूर, यांसाठी तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद त्यात होती. 'आक्षेपार्ह' म्हणजे काय, याची व्याख्या मात्र कोठेही नव्हती. ती ठरवण्याचे काम प्रत्यक्षात ठाणे अंमलदाराकडे आणि ठाण्याबाहेर जमलेल्या गर्दीकडे गेले.

== परंपरा, स्वातंत्र्य आणि शासन ==
मृत्यूनंतर वैर संपते, दुखवट्यात बोलणे आवरावे, हा संकेत मराठी समाजात जुना आहे आणि तो अनाठायी नाही. तथापि संकेत पाळण्याची अपेक्षा करणे वेगळे आणि तो न पाळणाऱ्याला कोठडीत धाडणे वेगळे. शिवाय बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत व अणुऊर्जा केंद्र असलेल्या या तालुक्यात अनेक प्रांतांची माणसे राहतात. सर्वांचे संकेत एकच असतील, असे गृहीत धरता येत नाही.

येथे १८९१ च्या संमतिवयाच्या वादाची आठवण होते. विवाहित मुलींचे संमतिवय दहावरून बारा करणाऱ्या कायद्याला लोकमान्य टिळकांनी विरोध केला. सुधारणा समाजाने करावी, परक्या सरकारने कायद्याने लादू नये, अशी त्यांची भूमिका होती. आगरकर कायद्याच्या बाजूने होते. त्या वेळी परंपरेच्या कैवाऱ्यांना शासन दूर हवे होते. पालघरला परंपरेच्या नावाने शासनालाच बोलावण्यात आले. मुलीच्या देहाला इजा होते तेथे कायद्याने यावे, हे आगरकरांचे म्हणणे आज पटते. पण केवळ मन दुखावले तेथेही त्याने तितक्याच वेगाने धावावे काय? परंपरावादी विचारातही शासनाचा हात आखूड ठेवण्याची एक जुनी बाजू आहे, हे येथे विसरले गेले.

== न्यायालयीन निकाल ==
पालघरच्या घटनेनंतर श्रेया सिंघल या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. न्या. चेलमेश्वर व न्या. रोहिंटन नरिमन यांच्या पीठाने २४ मार्च २०१५ रोजी कलम ६६अ संपूर्ण रद्द केले. ते राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(१)(अ) चा भंग करते आणि १९(२) मधील वाजवी निर्बंधांत बसत नाही, असा निर्णय झाला. एखाद्या मताची चर्चा, त्याचा पुरस्कार आणि चिथावणी यांत न्यायालयाने फरक केला; चिथावणीपर्यंत पोहोचल्यावरच शासनाला हस्तक्षेप करता येतो. कलमाचा वापर जपून करू, हे केंद्राचे आश्वासन न्यायालयाने पुरेसे मानले नाही, कारण सरकारे बदलतात, कलम मात्र राहते. संकेतस्थळे रोखण्याचे कलम ६९अ मात्र कायम राहिले.

रद्द झाल्यावरही अनेक राज्यांत पोलीस या कलमाखाली गुन्हे नोंदवीत राहिले. अखेर ऑक्टोबर २०२२ मध्ये, कलम ६६अ खाली कोणावरही खटला चालवू नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा द्यावा लागला.