विश्लेषण : व्हेंटिलेटर सुटला, तरी धाप का लागते? श्वासनलिकेवरील लेझर उपचार काय आहेत?

रुग्ण व्हेंटिलेटरवरून उतरतो, घरी येतो. महिना-दीड महिना बरा जातो आणि मग जिना चढताना धाप लागू लागते. श्वास आत घेताना घशातून शिट्टीसारखा आवाज येतो. दमा समजून पंप सुरू होतो, पण फरक पडत नाही. अशा वेळी दुखणे फुप्फुसात नसून श्वासनलिकेत असू शकते. करोना साथीत बराच काळ व्हेंटिलेटरवर राहिलेल्या काही रुग्णांमध्येही पुढे हीच तक्रार आढळली.

श्वासनलिका अरुंद का होते?

व्हेंटिलेटरची नळी घट्ट बसावी म्हणून तिच्या टोकाजवळ छोटा फुगा असतो. त्यातला दाब जास्त झाला आणि तसाच राहिला, तर श्वासनलिकेच्या अस्तराचा रक्तपुरवठा तुटतो. जखम होते आणि ती भरताना व्रण आकसतो. नळीची त्रिज्या निम्मी झाली की हवेला होणारा अडथळा दुप्पट नव्हे, तर किमान १६ पट वाढतो. त्रास सुरुवातीला जाणवत नाही आणि नंतर झपाट्याने वाढतो, तो यामुळेच.

लेझरने नेमके काय करतात?

भूल देऊन तोंडावाटे दुर्बीण आत उतरवतात. गळ्यावर चिरा द्यावा लागत नाही. कार्बन डायऑक्साइड लेझरची ऊर्जा पेशींतील पाणी शोषून घेते, त्यामुळे अगदी बारीक छेद घेता येतो. एनडी-याग लेझर खोलवर पोहोचतो आणि रक्तस्राव रोखतो, म्हणून गाठीमुळे नळी बंद झाली असेल तर तो उपयोगी पडतो.

व्रणाचे सगळे कडे मात्र गोलाकार जाळत नाहीत. तसे केले, तर नवा व्रण पुन्हा गोलच आकसतो. त्याऐवजी मधले अस्तर शाबूत ठेवून तीन-चार ठिकाणी चिरा देतात आणि फुग्याने नळी रुंद करतात.

यातला मोठा धोका आगीचा. लेझर आणि ऑक्सिजन एकाच नळीत! त्यामुळे लेझर चालू असताना भूलतज्ज्ञ ऑक्सिजनचे प्रमाण कमी ठेवतात.

सगळ्यांना उपयोग होतो?

नाही. पातळ पडद्यासारखा व्रण असेल तर निकाल चांगला मिळतो. अरुंद भाग लांब असेल किंवा कूर्चा खचली असेल, तर लेझर पुरत नाही. मग तेवढा भाग कापून टोके जोडावी लागतात किंवा सिलिकॉनचा स्टेंट बसवतात. लेझरनंतरही नळी पुन्हा अरुंद होऊ शकते, त्यामुळे तपासणी सुरू ठेवावी लागते.

पंपाने आराम पडत नसेल, तर पूर्वी व्हेंटिलेटर लावला होता हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. सीटी स्कॅन आणि दुर्बिणीच्या तपासणीत अडथळा दिसतो. स्वस्थ बसलेले असतानाही आवाज येत असेल, तर थेट रुग्णालय गाठावे.