आधी नंबर, मग रंग!

मुलांनो, जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात मालक बॉनेट उघडून का ठेवतात, ठाऊक आहे? खरं मोल तिथंच असतं!

आपल्या कॅनडाचीच ‘बोमाँट’ घ्या. शेव्हरोले शेव्हेलची ही बहीण १९६६ ते १९६९ या काळात इथले पॉन्टिॲकचे विक्रेते विकत. बहुतेकींची इंजिनं साधी. ‘एसडी ३९६’ मात्र दुर्मिळ. तिचं आठ सिलिंडरचं इंजिन ३९६ घन इंचांचं, म्हणजे सुमारे साडेसहा लिटरचं!

१९६८-६९ च्या गाड्यांत गाडीच्या नंबराचा काही भाग इंजिनवरही ठोकलेला असतो. दोन्ही जुळले तर किंमत चढते. इंजिन बदललेलं असेल, तर रंग कितीही चकचकीत असो, किंमत उतरते. खोटे नंबरही ठोकले जातात. म्हणून पालकहो, आपण मूळ कागदपत्रंही तपासून घेऊ.