सोलापूरचा उन्हाळा आणि कुंड्यांतील झाडें

इंग्लंडांतील बागकामाच्या पुस्तकांत नाजूक झाडें हिंवाळ्यांत घरांत घ्यावीं, असें सांगितलेलें असतें. तें वाचून सोलापुरांत पौषांत कुंड्या आंत ओढणें व्यर्थ होय. येथील थंडींत झाडें उलट तरारतात. येथें जपावयाचें तें चैत्र-वैशाखांत. पारा ४० अंशांवर चढतो, आणि त्याहून घातक ती कोरडी हवा. मुळें पुरवितील त्यापेक्षां अधिक पाणी पानें गमावतात.

म्हणून होळी झाली कीं क्रोटन, बिगोनिया, मनीप्लँट आंत घ्यावीं. जुन्या माळवदाच्या घरांतलें माजघर थंड खरें, पण अंधारें. तेथें पानें पिवळीं पडून गळतात. उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या खिडकीजवळची जागा उत्तम. कुंड्या दाटीनें, परातींत ओली वाळू पसरून तीवर मांडाव्या. भोंवतालची हवा थोडी ओलसर राहते.

खरा प्रश्न पाण्याचा. नळास कांहीं दिवसांआड पाणी येण्याचा अनुभव सोलापूरकरांस कित्येक वर्षांचा आहे. घरांत हंडे मोजले जात असतां सूनबाईंनीं फर्नला तांब्या-तांब्या पाणी घालावें, हें सासूबाईंस खपत नाहीं. आणि त्यांत त्यांची चूक आहे असें आम्हांस वाटत नाहीं. तांदूळ-डाळ धुतलेलें पाणी मात्र खुशाल घालावें. मीठ पडलेलें नको. विंधनविहिरीच्या खाऱ्या पाण्यानेंहि मातीवर पांढरा थर धरतो. फर्नचा हट्ट सोडून कोरफड लावावी, हें आमचें स्पष्ट मत.

मृगाची सर आली म्हणून कुंड्या एकदम अंगणांत नेऊं नयेत. दोन सरींमधलें ऊन कोंवळीं पानें करपवितें. आठ दिवस ओसरीवर ठेवून मग बाहेर काढाव्या.