रेडी, सेट, निघा!

कॅलिफोर्नियात राहते म्हटलं की पुण्या-मुंबईच्या मित्रमंडळींना तीनच गोष्टी सुचतात. ऑफिस, मॉल आणि समुद्रकिनारा! चौथी गोष्ट कुणी विचारतच नाही. वणवा.

आमचं घर सॅन होजेच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी. मी, नवरा, सात वर्षांची लेक आणि वर्षातले सहा महिने आमच्याकडे असणाऱ्या सासूबाई. व्ह्यू एकदम पोस्टकार्डासारखा! पण इथे पाऊस पडतो हिवाळ्यात. मे-जूनपासून डोंगर पिवळे पडतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात कोरडा वारा सुटला की एक ठिणगी पुरते. २०२० च्या ऑगस्टमध्ये विजा पडून आसपासचे डोंगर पेटले होते. त्याच वर्षी ९ सप्टेंबरला तर सकाळी आकाश चक्क नारिंगी होतं. म्हणून आमच्याकडे दिवाळीच्या साफसफाईआधी वणव्याची तयारी असते.

पाच फुटांचा फंडा

आगीची भलीमोठी भिंत चालून येते आणि घर गिळते, असं आपल्याला वाटतं ना? प्रत्यक्षात बहुतेक घरं पेटतात ती वाऱ्यावर उडत आलेल्या निखाऱ्यांनी. आग मैलभर लांब असतानाच हे पाहुणे पोचतात आणि जागा शोधतात. पन्हळीतला पालापाचोळा, पोटमाळ्याचा झरोका, दारातलं काथ्याचं पायपुसणं... काहीही चालतं त्यांना!

म्हणून घराला लागून पहिल्या पाच फुटांत जळेल असं काही ठेवायचं नाही. आम्ही झाडांखालचा लाकडाचा भुसा काढून खडी टाकली. झरोक्यांना एक अष्टमांश इंचाची धातूची जाळी बसवली. धोक्याच्या भागात तर घराभोवती शंभर फुटांपर्यंत वाळकं गवत-झुडपं साफ ठेवणं कायद्यानेच बंधनकारक आहे. हे सगळं पटापट झालं. वाटाघाटी अडल्या त्या खिडकीखालच्या तुळशीवर! “अगं, तुळस कधी पेटते का?” सासूबाईंचा सवाल. मधल्या अंगणात ऊन छान मिळेल, म्हटल्यावर एकदाची कुंडी हलली.

मंगळवार, दुपारी दोन

घराचं सोपं असतं हो. माणसांचं काय? आग काही सगळे घरी असताना, शनिवार बघून लागत नाही. मंगळवारी दुपारी दोनला आम्ही दोघं ऑफिसात, चाळीस मिनिटांवर. लेक शाळेत. सासूबाई घरी एकट्या. त्यांना ड्रायव्हिंग येत नाही आणि इंग्रजी जेमतेम.

८ नोव्हेंबर २०१८ ला पॅरडाइज नावाचं गाव जळालं, त्या आगीत ८५ माणसं गेली. त्यातली बहुतेक ज्येष्ठ होती. बाहेर पडायचे रस्ते गाड्यांनी तुंबले होते. हे वाचल्यावर आम्ही जेवणाच्या टेबलावर बसून प्लॅन कागदावर लिहिला.

समोरच्या रिटायर्ड शेजारीणबाईंकडे आमची किल्ली आहे आणि शाळेच्या यादीत त्यांचं नाव. सासूबाईंना नेणार त्याच. इथे आधी ‘वॉर्निंग’ येते, मग ‘ऑर्डर’. ऑर्डर म्हणजे ताबडतोब निघा. घरात वयस्कर माणूस किंवा लहान मूल असेल तर वॉर्निंगलाच निघायचं. आमचा नियम तोच, चर्चा नाही! वीज गेली तर गॅरेजचं दार हाताने कसं उघडायचं, याची प्रॅक्टिसही झाली. २०१७ च्या ऑक्टोबरातल्या आगींत काही जण तिथेच अडकले होते.

आणि आमची कंट्रोल रूम आहे चक्क कोथरूडमध्ये! अशा वेळी गावातल्या गावात फोन लागत नाहीत, लांबचा मेसेज मात्र जाऊ शकतो. म्हणून प्रत्येकाने नणंदेला कळवायचं, ‘मी इथे आहे, ठीक आहे.’ इथे दुपारचे दोन म्हणजे तिकडे मध्यरात्रीनंतरचे अडीच. त्यामुळे उन्हाळा लागला की ती रात्री फोन सायलेंटवर टाकत नाही.

आमची बॅग

• पासपोर्ट, व्हिसाचे आणि विम्याचे कागद. घरातल्या प्रत्येक खोलीचा व्हिडिओ, विम्यासाठी.
• बीपीच्या गोळ्या, जादा चष्मा, एन-९५ मास्क.
• रोख पैसे, चार्जर, पाणी.
• सुती सलवार-कमीज आणि बंद बूट. नायलॉनचा गाऊन आणि चप्पल बाद!
• गाडीत पेट्रोल निम्म्याच्या खाली नाही. गाडीचं तोंड रस्त्याकडे.

देवघरातला एक बाळकृष्णही बॅगेत आहे. “बाकीचे आपलं आपण बघतील,” इति सासूबाई. दागिने, अल्बम, लग्नातला शालू यांची वेगळी यादी केलीय. वेळ असेल तरच. काय मागे ठेवायचं हे शांत डोक्याने आधीच ठरलं, की दारात उभं राहून भांडायला नको.

तुमचा दादा, ताई किंवा मैत्रीण कॅलिफोर्नियात डोंगराजवळ राहते? मग या रविवारच्या व्हिडिओ कॉलवर हवापाणी झालं, की एवढंच विचारा. मंगळवारी दुपारी दोनला घरी कोण असतं? आणि त्यांची कंट्रोल रूम व्हायची तयारी दाखवा. रात्रीची झोप थोडी खराब होईल, पण चालेल!