क्षयरोग्याचं लोह जातं कुठे?

क्षयाचं निदान झालेल्या अनेकांचं हिमोग्लोबिनही कमी भरतं. मग घरातली माणसं खजूर, बीट, लोहाच्या गोळ्या यांच्या मागे लागतात. त्यांची काळजी खरी असते. पण अशा रुग्णाच्या शरीरात लोह नसतंच असं नाही. बऱ्याचदा ते शरीरानेच दडवलेलं असतं.

कारण क्षयाचा जंतूही लोहावाचून वाढत नाही. मायकोबॅक्टिन नावाचे रेणू तयार करून तो माणसाच्या प्रथिनांना बांधलेलं लोह ओढून घेतो. शरीराचा तोडगा असा, की संसर्गात यकृत हेप्सिडिन हे संप्रेरक जास्त सोडतं आणि पेशींतून लोह बाहेर पडायची वाट बंद होते. अन्नातलं लोह आतड्यापाशी अडतं. जुन्या तांबड्या पेशींमधून सुटलेलं लोह मॅक्रोफेज या भक्षक पेशींत साठून राहतं. रक्तात फिरणाऱ्या जंतूंची त्याने उपासमार होते.

क्षयाचा जंतू मात्र मुक्काम करतो तो मॅक्रोफेजमध्येच! चोराच्या भीतीने दागिने लपवावेत आणि चोर नेमका त्याच खोलीत निघावा, तसं हे. मला या आजारातली सर्वांत विलक्षण गोष्ट हीच वाटते. शरीर इथेही हार मानत नाही. टी पेशी या रोगप्रतिकारक पेशींनी सोडलेलं इंटरफेरॉन-गॅमा हे संदेशवाहक प्रथिन मॅक्रोफेजला लोह बाहेर टाकायला लावतं. पण या टी पेशींना वाढायला लोहच लागतं, त्यामुळे खरी कमतरताही तितकीच घातक.

पॅरिसचे डॉक्टर आर्मां त्रूसो यांनी क्षयरोग्यांना लोह देऊ नका असं एकोणिसाव्या शतकात बजावलं होतं, तेही १८८२ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधण्याच्या आधी. अलीकडचा पुरावाही त्याच दिशेचा आहे. झिम्बाब्वेत लोखंडी पिंपांत पारंपरिक बिअर बनते आणि तिच्यात लोह भरपूर उतरतं. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्या अभ्यासात आहारातून असं जास्त लोह घेणाऱ्यांमध्ये क्षयाची शक्यता सुमारे साडेतीनपट आढळली.

म्हणून क्षयरोग्याने आपल्या मनाने लोहाच्या गोळ्या सुरू करू नयेत. डॉक्टरांनी दिलेल्या असतील, तर आपल्या मनाने बंदही करू नयेत. दाह असताना फेरिटिन हे लोह साठवणारं प्रथिन रक्तात वाढतं, त्यामुळे एकट्या त्या तपासणीवरून लोहाचा साठा नीट कळत नाही. पुष्कळदा क्षयाची औषधं लागू पडली की दाह ओसरतो, हेप्सिडिन उतरतं आणि हिमोग्लोबिन वेगळ्या गोळ्यांशिवाय वर येतं.